‘श्र’चे खिळे संपले तेव्हा

आमच्या साप्ताहिकात ‘समजते’ या शब्दाला फार मान होता. बातमी खरी आहे, पण छापल्यावर कोण अंगावर धावून येईल याचा नेम नाही, अशा वेळी तिच्या शेपटाला ‘असे समजते’ लावायचं. त्याहून कच्ची असेल तर ‘असे म्हणतात’. अगदीच हवेतली असेल तर ‘अशी गावात वदंता आहे’. हे सगळं मला अप्पांनी शिकवलं. अप्पा म्हणजे आमचे मालक, संपादक, जाहिराती आणणारे आणि वर्गणी बुडवणाऱ्यांच्या नावाने रोज सकाळी खडे फोडणारे. कचेरीत बातमीदार मी एकटाच. हा काळ एकोणीसशे तीसच्या आसपासचा. वय कोवळं होतं आणि आपण लेखणीने रत्नागिरी सुधारणार अशी माझी पक्की समजूत होती.

बातमीदाराला बातमी शोधावी लागते, असं बाहेरच्यांना वाटतं. जिल्ह्याच्या गावी ती स्वतःच्या पायांनी चालत येते, आणि बहुतेक वेळा स्वतःची स्तुती घेऊन येते. वकिलाचा मुलगा परीक्षेत पास झाला, कोणाच्या बागेतली हापूसची पेटी यंदा सर्वांआधी मुंबईला गेली, कोणाच्या घरी कोणत्या साहेबाने चहा घेतला. एक पेन्शनर कारकून तर दर आठवड्याला शेजाऱ्याच्या फणसाविरुद्ध पत्र आणून देत. फणस शेजाऱ्याचा, पण पडायचा यांच्या पन्हळीवर. ते पत्र छापेपर्यंत ते कचेरीतून हलत नसत. मी एकदा शेजाऱ्याची बाजू छापली, तर दोघांनीही पेपर बंद केला. अप्पा मला आठवडाभर ‘फणस’ म्हणून हाक मारत होते.

छापखाना कचेरीच्या मागच्या पडवीत होता. त्या वेळी एकेक अक्षर हाताने जुळवावं लागे. शिशाच्या अक्षराला खिळा म्हणत. लाकडी खोक्यात खण, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. आमचे कंपॉझिटर नाना बोटांनीच खण ओळखत आणि डोळे माझ्यावर रोखून मला शिव्या देत देत ओळी जुळवत. पण छापखाना गरीब, त्यामुळे खिळे मोजके. एखादं जोडाक्षर संपलं की छापलेलं पान सोडवून खिळे मोकळे होईपर्यंत थांबायचं, नाहीतर शब्द बदलायचा. ‘ज्ञ’ आमच्याकडे इतके कमी होते की आमच्या पेपरात कोणी अज्ञानी नसायचं, सगळे अडाणीच असायचे. यावर आम्ही पुष्कळ हसलो आहोत. पुढे हसू आलं नाही.

एकदा म्युनिसिपालिटीच्या सभेत एका सभासदाने तक्रार केली, की धर्मशाळेत लोक चुली मांडून राहिले आहेत आणि उतारूंना पाय ठेवायला जागा नाही. अप्पांनी मला बघून यायला पाठवलं. गेलो तर पडवीच्या टोकाला तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आमच्याच पेपरचं जुनं पान मांडीवर पसरून वाचत बसली होती. त्या पानात सुके बोंबील बांधून आले होते. तेलाचे डाग चुकवत ती ओळींवरून बोट फिरवत होती.

मी पेपरातला आहे हे कळल्यावर ती म्हणाली, “मग सांगा, हिकडं ‘समजते’ लिवलाय, ता कुणाला समजते?”

“आम्हाला.”

“आनि आमाला कदी समजायचा?”

तिची आई हसली नाही. तिने पोरीला दटावलं आणि मला बसायला घोंगडीचं टोक झटकून दिलं. मुलीचं नाव द्वारका. नावं मी बदलली आहेत. आईला मी सरस्वतीबाई म्हणतो. गाव पावसच्या बाजूचं, समुद्राकडचं. नवरा भिकाजी आगबोटीवर खलाशी. तो बरेच महिने दर्यावर होता आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं.

यांचं घर खोताच्या जमिनीवर. खोताला त्या उतारावर हापूसची कलमं लावायची होती. त्याने कोणाला ‘घर सोड’ म्हटलं नाही आणि भिंतीला हातही लावला नाही. कोकणात मातीचं घर घालवायला कुदळ लागत नाही. दर वर्षी पावसाआधी छप्पर शाकारावं लागतं, नवं गवत घालावं लागतं, आणि ते गवत खोताच्या वरकसावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या माळजमिनीवर. त्याने गड्याला सांगून ठेवलं, या बाईला गवत कापू द्यायचं नाही. गावात कोणी विकतही दिलं नाही, कारण सगळ्यांची जमीन त्याचीच. न शाकारलेल्या घरात पाऊस शिरला, भिंती विरघळल्या आणि दसऱ्यापर्यंत घराचा ढीग झाला. खोताने तो ढीग कलमांच्या आळ्यांत घातला. कोर्टात यासाठी दावा लागत नाही, कारण कोणी काही केलेलंच नसतं.

मायलेकी शहरात आल्या त्या द्वारकेच्या शाळेसाठी. गावची शाळा चौथीपर्यंत. त्यापुढे द्वारका पावसला मामाकडे राहून शिकली होती. यंदा सातवीची फायनल. मामाचं बिऱ्हाड मुंबईला गेलं आणि तीही जागा गेली. आई एका खाणावळीत वाटण वाटायची, पाणी भरायची. पोर मुलींच्या शाळेत जायची. धर्मशाळेचा नियम असा की उतारूने तीन रात्री राहावं. चौथ्या दिवशी दोघी गाठोडं उचलून देवळाच्या सभामंडपात जात, पुजारी ओरडला की पुन्हा धर्मशाळेत. पुस्तकं डोक्यावर, वळकटी काखेत. दर वेळी वहीची चार पानं भिजायची नाहीतर हरवायची.

मी शाळेत जाऊन हेडमिस्ट्रेस बाईंना भेटलो. बाई कडक, पण मनाने वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे. गणितात तिच्यासारखी दुसरी नाही. पण वर्गात झोपते. अंगाला धुराचा वास येतो म्हणून मुली शेजारी बसत नाहीत. चार दिवस येते, दोन दिवस येत नाही. विचारलं तर म्हणते, जागा बदलली. जागा बदलली म्हणजे काय, हे मला आज तुमच्याकडून कळतंय.”

फायनल म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगितलं पाहिजे. ती पास झाली की ट्रेनिंगला जाता येई, आणि ट्रेनिंग झालं की मास्तरीण. द्वारकेला त्यातलं एकच हवं होतं. ती मला म्हणाली होती, “मास्तरनीला ऱ्हायाला खोली देतत, खरा ना?” मी हो म्हणालो. तिने आईकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू खोलीची किल्ली आताच हातात आली.

मी लिहिलं. तोपर्यंत लिहिलेल्या सगळ्यांत ते चांगलं होतं असं मला आजही वाटतं. सरस्वतीबाईंनी अट घातली होती, “नाव घालू नका, गाव घालू नका. पोरीच्या बापाच्या कानावर गेला, तर तेला वाटल आमी भीक मागतंव.” मी दोन्ही घातलं नाही. मथळा दिला, ‘धर्मशाळेतील निराश्रित विद्यार्थिनी’. त्या काळी ‘बेघर’ हा शब्द पेपरात कोणी वापरत नसे. घर नसलेल्या माणसाला भिकारी, भटका, अनाथ यांतलं काहीतरी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. या दोघी त्यांतल्या काहीच नव्हत्या. म्हणून मी ‘निराश्रित’ शोधून काढला होता आणि त्या शब्दावर खूष होतो.

त्याच आठवड्यात एका देवळाच्या जीर्णोद्धाराच्या देणगीदारांची यादी आली. पूर्वी आम्ही नावामागे ‘रा. रा.’ लावत असू. अप्पांना नव्याची हौस, त्यांनी फर्मान काढलं की यापुढे ‘श्रीयुत’. पानभर श्रीयुत. नानांनी शेवटचा श्रीयुत बसवला आणि ‘श्र’चा खण रिकामा झाला. माझा मथळा तिथेच अडला. मी त्या वेळी कोर्टात एका खुनाच्या निकालाला गेलो होतो. नानांनी अप्पांना विचारलं, “निराश्रितचा श्र नाही, काय करू?” अप्पा जेवायला निघाले होते. ते म्हणाले, “बेवारशी घाला. अर्थ तोच.”

अर्थ तोच! बेवारशी कोण असतं? रस्त्यात सापडलेलं प्रेत बेवारशी, कोंडवाड्यातलं जनावर बेवारशी. ज्याच्यावर हक्क सांगायला कोणी जिवंत नाही ते बेवारशी. मी अंक हातात घेतला तेव्हा बाकीच्या प्रती टपालात पडून गेल्या होत्या.

सोमवारी सरस्वतीबाई कचेरीत आल्या. खाणावळीच्या मालकाने गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं, पण धर्मशाळेत राहून शाळेत जाणारी मुलगी रत्नागिरीत एकच होती. त्यांनी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं होतं. उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या, “माजा घोव जिता हाय. बोटीवर हाय. मना बेवारशी कोनी केलान?”

अप्पा म्हणाले, “बाई, बसा. छापण्यात शब्द बदलला. त्यात वाईट काही नाही.”

“वायट नाय? तुमच्या घरच्या बायलीला छापा मग. बगूया.”

अप्पा समोरचे कागद सारखे करू लागले. मी सरस्वतीबाईंना वचन दिलं, की पुढच्या अंकात दुरुस्ती येईल. त्या गेल्यावर अप्पा माझ्यावर उखडले. दुरुस्ती छापायचा आमचा नियम साधा होता. ज्याला वकील ठेवता येतो त्याची दुरुस्ती छापायची. देणगीदारांच्या यादीत एका श्रीयुताच्या आद्याक्षरांत ‘ग’च्या जागी ‘म’ पडला होता. त्यांची दुरुस्ती पहिल्या पानावर जाणार होती, दिलगिरीसह. मी म्हटलं, “अप्पा, त्याचा ग गेला, हिचा नवरा गेला.” अप्पा म्हणाले, “तुला पगार मी देतो, ती देत नाही.”

मग मी नानांना गाठलं. नानांनी पहिल्यांदाच मला शिवी दिली नाही. शेवटच्या पानावर आंब्याच्या भावांखाली दोन ओळींची जागा होती. अप्पा ते पान कधी तपासत नसत, कारण भाव त्यांनीच आणलेले असत. नानांनी तिथे जुळवलं: गेल्या अंकातील ‘बेवारशी’ हा शब्द चुकीचा असून सदर मुलीचे वडील हयात आहेत व आगबोटीवर नोकरीस आहेत. ‘समजते’ लावलं नाही.

अंक छापायला अजून दोन दिवस होते. त्यातल्या पहिल्या दिवशी एक गृहस्थ कचेरीत आले. घाटावरच्या एका संस्थेच्या समितीवर ते होते. संस्थेचं नाव देत नाही. कोर्टाच्या कामाने रत्नागिरीत उतरले होते आणि वाचनालयात आमचा अंक त्यांच्या हाती लागला होता. त्यांची संस्था अनाथ मुलींना ठेवून घेई, फायनलला बसवी, ट्रेनिंग करवी. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. माणूस खरोखर चांगला होता. बातमी वाचताना त्यांचे डोळे भरून आले होते, हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि मला ते खरं वाटलं.

मी आनंदाच्या भरात म्हणून गेलो, “पण साहेब, तिचे वडील हयात आहेत.”

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने तो पुसला. मग म्हणाले, “वडील हयात असलेली मुलगी आमच्या नियमात बसत नाही. अशा मुली घ्यायला लागलो तर उद्या अर्धा जिल्हा दारात उभा राहील. पण एक सांगतो. अंकात जे छापलंय ते मी वाचलं. जे छापलेलं नाही ते मला कोणी सांगितलेलं नाही. मी हा अंक समितीपुढे ठेवीन. पुढे तुमच्याकडून काही दुरुस्ती आली नाही, तर मुलगी या महिन्यात तिकडे असेल. आईने मात्र विधवा म्हणून अंगठा दिला पाहिजे.”

मी हे सांगायला धर्मशाळेत गेलो.  सगळं ऐकून घेतल्यावर द्वारका हळूच म्हणाली, “आये, ऱ्हाव दे ना छापलेला.”

सरस्वतीबाईंनी तिच्या थोबाडीत मारली. मग तिलाच जवळ ओढून घेतलं आणि मला म्हणाल्या, “तुमी जावा. बापाला मारून पोर शिकवायची नाय मना. तुमचा ता खरा काय ता छापा.”

मी म्हणालो, “छापतो. आंब्याच्या भावांखाली दोन ओळी जुळवून ठेवल्यात.” आणि मनातून मला बरं वाटलं. खरं ते छापायचं, हे ठरलं म्हणून बरं वाटलं. इतका मी तेव्हा अडाणी होतो.

त्याच संध्याकाळी म्युनिसिपालिटीने ठराव केला. ठरावात आमचाच शब्द घातला होता: धर्मशाळेत बेवारशी इसमांना राहण्यास मज्जाव करण्यात यावा. सकाळी शिपाई गेला आणि त्याने वळकट्या रस्त्यावर ठेवल्या. देवळाच्या पुजाऱ्याने तर ठराव होताच कुलूप आणवलं. खाणावळीच्या मालकाने सरपणाच्या खोलीत झोपायची परवानगी दिली, पण ती आईलाच. पोरीबद्दल म्हणाला, “हिकडं सारे पुरुष येतत जातत. वयात येतेय पोर. माझ्यावर कशाला आळ?” त्याचं चूक होतं असंही म्हणता येत नाही, हेच मला अजून डाचतं.

द्वारका शाळेत गेली ती वळकटी घेऊन. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की फायनलच्या अर्जात पालकाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण लिहावं लागतं. ठिकाण नसलेल्या मुलीचा अर्ज वरून परत येतो. मुदत आठवड्याची होती. बाई मला पुढे म्हणाल्या, “मी काय लिहू? रस्ता लिहू?” त्यांचा आवाज चढला होता. त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेता आलं असतं, पण सासू घरात, सोवळं-ओवळं घरात. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

छपाईच्या दिवशी दुपारी यंत्र सुरू झालं होतं. पहिलं पान छापून होत आलं होतं. नाना हातावर खडू चोळत शेवटच्या पानाची तयारी करत होते. पडवीच्या मागच्या दाराशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून मी वळलो.

सरस्वतीबाई होत्या. कपाळ पांढरं होतं. कुंकू पुसल्यावर राहते ती लालसर कडही नव्हती, घासून घासून धुतलं होतं. हातात एकही काकण नव्हतं, आणि मनगटावर फुटलेल्या काचेचा एक ओरखडा होता. क्षणभर मला वाटलं, बोटीवरून तार आली.

“तार नाय, काय नाय,” त्या म्हणाल्या. “ता काडून टाका. आंब्याखालचा.”

 नाना उठले. त्यांनी पान सैल केलं, चिमट्याने त्या दोन ओळी उचलल्या आणि खिळे एकेक करून खणात परत टाकू लागले. सरस्वतीबाई ते बघत होत्या. मग म्हणाल्या, “तेला बोटीवर कायतरी होयल काय हो, मी असा केला म्हनून?”

मी म्हणालो, “काही होणार नाही.” असं म्हणायला मला कोणी अधिकार दिला होता? मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नानांनी तेवढ्या जागेत नारळाच्या तेलाची जाहिरात घातली.

द्वारका त्या गृहस्थांच्या कुटुंबाबरोबर मोटारीने घाट चढून गेली. संस्थेत तिचं नाव लागलं आणि फायनलला ती तिकडूनच बसली. आणि रत्नागिरीची दानत बघा. नवरा बोटीवर आहे अशा बाईला ज्या गावात पडवीचा कोपरा मिळत नव्हता, त्या गावात विधवा सरस्वतीबाईंना आठवड्यात जागा मिळाली. एका भल्या घरी गोठ्याशेजारची खोली, जुनं लुगडं, सणाला जेवण. पेपरात ती बातमीही आली. घरमालक श्रीयुत होते आणि खिळे पुरले. हळदीकुंकवाला अर्थात त्यांना कोणी बोलावत नसे. घरात मंगलकार्य असलं की त्या आपण होऊन गोठ्यामागे जाऊन बसत. एकदा मला वाटेत भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, “सपनात येतो, नि इचारतो, कपाळ कशाला उगडा?”

भिकाजी आला तो पुढच्या उन्हाळ्यात. मी धक्क्यावर उभा होतो, कोण उतरतं ते टिपत. तो कोण हे मला माहीत नव्हतं. ट्रंक खांद्यावर घेतलेला, अंगाच्या काटक्या झालेला, खोल गेलेल्या डोळ्यांचा माणूस सरळ गावाकडे गेला. तिसऱ्या दिवशी तो कचेरीत आला आणि अप्पांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “गावात सांगतत, मी मेलंय. तुमच्या पेपरात आयला होता म्हनतत.”

अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्यांना एकाएकी बाहेर काम निघालं.

तो कुठल्याशा परदेशी बंदरात आजारी पडून इस्पितळात होता. पत्राचा मजकूर सांगून लिहून घ्यायलाही जवळ मराठी माणूस नव्हता. मी त्याला मागच्या पडवीत कागदांच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि सरस्वतीबाईंना निरोप धाडला, छापखान्यात धुणं-सारवण आहे, या. त्या आल्या आणि दारातच थिजल्या. माझी अपेक्षा होती की त्या रडतील, पायावर पडतील. त्यांनी आधी मागे वळून रस्ता बघितला, दार लावून घेतलं आणि मग पदर कपाळावर ओढला.

“पदर काड,” तो म्हणाला.

त्यांनी काढला. तो कपाळाकडे बघत राहिला. सगळं त्यांनीच सांगितलं, भराभर, दबक्या आवाजात: घर कसं गेलं, धर्मशाळा, पेपर, संस्था. शेवटी म्हणाल्या, “पोर फायनल पास झाली. पयली आली. आता टरेनिंग. बाप हाय म्हनून कळला तर तिला काडून टाकतील. माज्या अंगठ्यावर ठेवलानी तिला.”

भिकाजीने जमिनीवर पडलेला एक खिळा उचलून बोटांत फिरवला. छापखान्यात शिशाचा आणि शाईचा वास होता. नाना पाठ करून बसले होते, पण त्यांचे हात चालत नव्हते.

“किती वर्सां?” त्याने विचारलं.

“मास्तरीन होईस्तोवर.”

“मग ऱ्हातंय मेलेला,” तो म्हणाला. “त्यात काय. बोटीवर तसा पन कोन इचारतो जितो का मेलो.” आणि तो हसला. त्या हसण्याची मला आजही चीड येते. त्याच्यावर नाही. ज्या गावाने माणसाला असं हसायला लावलं, त्या गावावर, आणि माझ्या धंद्यावर.

पुढचं आधीच सांगून टाकतो. द्वारका ट्रेनिंग होऊन मास्तरीण झाली. तिला खोली मिळाली, आणि आईला तिने तिथे नेलं. आता ती मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. आई गेल्यावर तिनेच मला निरोप पाठवला, “लिहा आता.” भिकाजी पुन्हा रत्नागिरीला उतरला नाही. तो दर्यावर गेला, की कुठे बंदरात राहिला, कोणालाच कळलं नाही. माझ्या उभ्या नोकरीतली सगळ्यांत मोठी बातमी माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि मी तिची एक ओळ छापली नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं, की छापली असती तर लोकांनी वाचून डोळे पुसले असते आणि मुलीला संस्थेतून काढलं असतं.

भिकाजी परत निघाला त्या दिवशी मी त्याला धक्क्यावर पोचवायला गेलो. सरस्वतीबाई येऊ शकत नव्हत्या. विधवा बाई परक्या पुरुषाला पोचवायला येते म्हणजे गावाने जीभ सैल सोडली असती. आगबोट खोल पाण्यात उभी होती आणि उतारूंना नेणारी होडी धक्क्याला लागत होती. त्याने ट्रंक होडीत ठेवली, पुन्हा वर आला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काहीतरी विचारायचं होतं, पण लाजत होता.

“मास्तरनीची परिक्षा पास झाली, की नाव येता काय पेपरात?”

“येतं. मी स्वतः घालीन.”

“नाव लिवताना मदी बापाचा नाव लावतत ना? द्वारका भिकाजी, असा?”

“हो, तसंच.”

होडीवाला हाका मारत होता. त्याने एक पाय होडीत टाकला आणि वळून विचारलं, “बाप मेलेला असला तरी लावतत?”

“लावतात,” मी म्हणालो.

“मग झाला तर,” तो म्हणाला आणि होडीत बसला. मेलेल्या बापाच्या नावाआधी आम्ही ‘कै.’ लावतो, हे मी त्याला सांगितलं नाही.